अर्धवट राहिलेली मॉडेल कार पुन्हा हाती घेताना

माळ्यावरच्या खोक्यातून अर्धवट राहिलेली प्लॅस्टिकची मॉडेल कार बाहेर निघाली, की जिथे काम थांबले होते तिथूनच लगेच पुढे सुरू करावे असा मोह होतो, तो आवरावा. वेळ मिळाला नाही हे काम थांबण्याचे सांगायचे कारण असते, खरे कारण बहुधा कुठेतरी बिघडलेली एखादी गोष्ट हे असते आणि ती आधी शोधावी लागते. माझ्याकडे तामिया कंपनीची १/२४ प्रमाणातली १९६६ ची फोक्सवॅगन १३०० बीटल अकरा वर्षे पडून होती. खोके उघडल्यावर पाच मिनिटांत कारण दिसले: टपावरचा रंग ओला असताना मी तो वाळला का ते पाहायला बोट लावले होते आणि अंगठ्याचा ठसा अजून तसाच होता.

सुरुवात मोजदादीने करावी. एका मोठ्या ताटात किंवा ट्रेमध्ये सगळे सुटे भाग मांडून, सूचनापत्रकातील क्रमांकांशी एकेक भाग ताडून पाहावा आणि जे हरवले आहे त्याची यादी करावी. खोक्याच्या कोपऱ्यातली धूळ झटकण्याआधी ती चाळून पाहावी, कारण आरसे आणि वायपर तिथेच सापडतात. रेडिओची एरियल किंवा एखादा दांडा हरवला असेल तर नवे किट घेण्याची गरज नसते. भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून मऊ करावा आणि दोन्ही टोकांनी हळूहळू ओढावा, म्हणजे हवी तितकी बारीक तार मिळते.

टायर मात्र त्याच दिवशी वेगळे काढावेत. किटमधले टायर व्हिनाइलचे असतील तर त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडते आणि ज्या पॉलिस्टायरिनला, म्हणजे गाडीच्या प्लॅस्टिकला, टायर टेकलेला असतो ते वितळवते. अशा डागाचा खड्डा पुट्टीने भरून घासता येतो; काचेच्या भागावर तो पडला असेल तर मात्र फारसे काही करता येत नाही.

चुकीच्या जागी चिकटलेले भाग सोडवण्यापूर्वी कोणता गोंद वापरला होता ते ओळखावे. प्लॅस्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, त्यामुळे तो सांधा बारीक करवतीनेच कापावा लागतो. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद थंडीत ठिसूळ होतो. म्हणून तो भाग पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवला आणि मग सांध्यात पाते सरकवून हलकेच फिरवले, तर बरेचदा तो टचकन सुटतो. घरात सहज सापडते म्हणून नेलपॉलिश रिमूव्हरला हात लावू नये. त्यातले अॅसिटोन गोंदाबरोबर गाडीही विरघळवते.

आता रंग. सगळाच रंग उतरवायचा की नाही, हा निर्णय घाईने घेऊ नये. ठसा किंवा धुळीचे कण एवढाच दोष असेल आणि थर पुरेसा जाड असेल, तर १५०० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून वर नवा हात देता येतो. बीटलचा टप मात्र इतका गोल आहे की प्रकाश त्याच्यावरून सरकताना प्रत्येक उंचवटा दाखवतो, शिवाय माझा ठसा प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरापर्यंत, उतरला होता. मी रंग काढला. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. आधी बॉडीच्या आतल्या बाजूस कापसाच्या बोळ्याने चाचणी घ्यावी, मग झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून ठेवावी आणि काही तासांनी जुन्या टूथब्रशने घासावी. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास गॅस पेटलेला नसावा. जुने हौशी लोक ब्रेक ऑइल सुचवतात. काम होते, पण ते त्वचेला वाईट आणि नंतर ओतायचे कुठे हा प्रश्न उरतोच, म्हणून मी ते टाळतो.

बंपर आणि चाकांच्या वाट्या यांवरचा चकचकीत मुलामा म्हणजे अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो ठीक असेल तर त्याला हात लावू नये. सोलला असेल तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवल्यास तो निघून जातो. मग चकचकीत काळ्या रंगावर क्रोम रंग फवारावा. ब्लीचचे भांडे वेगळे ठेवावे, त्यात अल्कोहोल किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी पदार्थ तयार होतात.

नवा रंग देण्यासाठी दिवस निवडावा. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात लॅकर (झपाट्याने वाळणारा रंग) फवारला, तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि तांबडी गाडी दुधाळ दिसू लागते. जून ते सप्टेंबर या काळात आसने, चॅसिस आणि इंजिन यांचे ब्रशने होणारे काम उरकावे आणि बॉडी दिवाळीनंतर घ्यावी. थर पातळ आणि अनेक द्यावेत. रंग वाळला की नाही, हे बोटाने नव्हे तर नाकाने तपासावे: बॉडी नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर तो अजून कच्चा आहे. हे मला अकरा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर खोके माळ्यावर गेलेच नसते.

खिडक्यांभोवतीची काळी रबरी पट्टी लॅकर पूर्ण वाळल्यावर इनॅमलने (सावकाश वाळणाऱ्या तेलकट रंगाने) रंगवावी, कारण हात हलला तरी इनॅमलच्या थिनरात किंचित भिजवलेल्या काडीने खालच्या रंगाला धक्का न लावता रेघ पुसता येते. मला पुढच्या काचेची रेघ तीनदा पुसावी लागली.

जुनी डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) पिवळी पडली असतील तर तो कागद हवाबंद पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवावा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. लावण्यापूर्वी नको असलेला एक तुकडा पाण्यात टाकून पाहावा. त्याचे तुकडे झाले, तर उरलेल्या कागदावर क्लिअर लॅकरचा हात देऊन, वाळल्यावर प्रत्येक डिकॅल कडेने कापून घ्यावे लागते.

काचा शेवटी बसवाव्यात आणि त्यासाठी पांढरा फेविकॉलच वापरावा. सायनोअॅक्रिलेटच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते. फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा थेंब ओल्या काडीने निघतो. चॅसिस बॉडीत बसवण्याआधी एकदा गोंद न लावता कोरडे लावून पाहावे, कारण रंगाच्या नव्या थरांमुळे पूर्वी सहज बसणारी कड आता अडते. तिथे आतल्या बाजूने थोडे खरवडले की पुरते.