कामाचा शिणवटा वेळीच कसा ओळखावा
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ला आजार न मानता कामाच्या न आवरलेल्या, दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी अवस्था मानले असून, सततचा थकवा, कामाविषयीचा तुटकपणा किंवा कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता ही तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. थकवा चटकन कळतो. कडवटपणा मात्र स्वभावाच्या नावावर खपून जातो, म्हणून सुट्टीनंतरही सहकाऱ्याच्या साध्या प्रश्नावर चिडचिड होत असेल, तर अशा प्रसंगांची दोन आठवडे तारीखवार नोंद ठेवावी. तिच्यावरून कामाचा भार, अपुरे मनुष्यबळ की अवेळी येणारे फोन, यांपैकी नेमके कारण हेरून वरिष्ठांकडे एकच ठोस मागणी करावी. नुसते ‘फार ताण आहे’ म्हटल्याने बहुधा सहानुभूतीच मिळते. झोप उडाली असेल किंवा निराशा हटत नसेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.