आनंदीबाई जोशींचा माग काढताना

अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंच्या जुन्या नोंदी शोधायच्या तर आधी नावांचा गुंता सोडवा. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचं नाव यमुना, लग्नानंतर आनंदी. आडनाव मात्र माहेरचंही जोशी आणि सासरचंही जोशीच, त्यामुळे 'जोशी' दिसलं की कुठलं घर ते वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावरूनच ठरवायचं. वडील गणपतराव, नवरा गोपाळराव. अमेरिकी कागदांत आडनावाच्या शेवटी रोमन लिपीतली दोन 'ई' येतात. आज लिहितो तसं स्पेलिंग टाकून शोधलं तर हाती फारसं लागत नाही.

गोपाळराव टपालखात्यात होते, बदल्या व्हायच्या. म्हणून एकाच गावाला चिकटू नका: कल्याण, कोल्हापूर, श्रीरामपूर (बंगालमधलं, नगरचं नव्हे!), मग फिलाडेल्फिया. तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी दफ्तरं आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. पदवीचं वर्ष १८८६.

वंशावळीसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वह्या बघाव्यात. आडनावासोबत मूळ गाव, गोत्र आणि आजोबांचं नाव घेऊन जा, नुसतं 'जोशी' म्हणालात तर उपाध्याय तरी काय काढून देणार? पुरुषांची साखळी मिळते, बायका बहुधा कुणाची तरी बायको म्हणून एका ओळीत.

शकाच्या तारखांत चूक हमखास होते. इसवी सन काढायला शकात सरसकट ७८ मिळवतात. पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. आनंदीबाई गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला, म्हणजे शके १८०८. इथे ७८ मिळवले की मृत्यू १८८६ चा, पदवीच्याच वर्षातला ठरतो.

अस्थींची नोंद पुण्यात शोधत बसू नका. त्या अमेरिकेत, आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. स्मृतिशिळा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे.