हृदयाच्या रक्तवाहिन्यांना नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत कशी करायची

नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे आणि तो आपल्या रक्तवाहिन्या स्वतःच बनवतात, हे पहिल्यांदा ऐकलं की खरं वाटत नाही. पण हृदयाला कधी किती रक्त मिळणार यात त्याचा मोठा हात असतो. तो साठवून ठेवता येत नाही, तयार झाला की काही सेकंदांत संपतो, म्हणून एक दिवस खूप काही केलं आणि आठवडाभर बसून राहिलो असं इथे चालत नाही.

आधी हे चालतं कसं ते बघा, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. रक्त जोरात वाहू लागलं की ते या थराला घासतं, मग तिथलं एक एन्झाइम आर्जिनिनपासून (हे प्रोटीनमध्ये असणारं एक अमिनो ॲसिड) नायट्रिक ऑक्साइड बनवतं, तो बाजूच्या स्नायूत शिरतो, स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंद होते. हृदय तर आराम करत असतानाही रक्तातला ७० ते ८० टक्के ऑक्सिजन काढून घेतं, त्यामुळे जिना चढताना जास्त ऑक्सिजन हवा असेल तर जास्त रक्तच यावं लागतं. हे काम एकटा नायट्रिक ऑक्साइड करत नाही, पण तो कमी पडला की अडचण होते. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की सशाच्या महाधमनीचा आतला थर खरवडून काढला तर ॲसिटिलकोलिन हे एरवी वाहिनी सैल करणारं रसायन देऊनही ती सैल होत नाही, आणि पुढे याच विषयाला १९९८ चं नोबेल मिळालं, त्यांच्याबरोबर लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांनाही.

तर पहिली पायरी म्हणजे चालणं. रक्ताचं घासणं हीच या एन्झाइमची किल्ली आहे, म्हणून आठवड्याला निदान १५० मिनिटं, दम थोडा लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चाला, आणि सवय नसेल तर दिवसाला १० मिनिटांपासून सुरू करा. माझ्या मते बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

दुसरं, बनलेला नायट्रिक ऑक्साइड वाया जाऊ देऊ नका. सिगारेट, वाढलेली शुगर, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांच्यामुळे वाहिनीत सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक प्रकार वाढतो आणि तो याला काम करायच्या आधीच गिळून टाकतो. सिगारेट सोडा, शुगर आणि बीपी तपासत राहा.

तिसरं खाणं. बीट आणि पालकासारख्या पालेभाज्यांत नायट्रेट असतं, ते लाळेतून परत तोंडात येतं, जिभेवरचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. म्हणूनच जंतुनाशक माउथवॉश डेंटिस्टने सांगितला नसेल तर रोज वापरू नका, त्याने हेच बॅक्टेरिया मरतात. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आर्जिनिनच्या गोळ्या मात्र मनानेच सुरू करू नका. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांवर केलेली एक चाचणी, जी २००६ मध्ये छापून आली, ती मध्येच थांबवावी लागली कारण फायदा काही दिसला नाही आणि आर्जिनिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले.

आता ज्यांना डॉक्टरांनी हृदयामुळे छातीत दुखतं म्हणून नायट्रोग्लिसरीन दिलंय त्यांच्यासाठी. या औषधातून शरीरात नायट्रिक ऑक्साइडच तयार होतो. छातीत दुखलं की आधी खाली बसा कारण बीपी पटकन उतरतं, गोळी जिभेखाली ठेवा, गिळू नका, गिळली तर बरंचसं औषध लिव्हरमध्येच संपतं. ५ मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टॅडालाफिल (दोन्ही व्हायग्रासारखी, लैंगिक समस्येसाठीची औषधं) घेतली असेल तर नायट्रोग्लिसरीनची गोळी घ्यायचीच नाही, बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं, सरळ ॲम्ब्युलन्स बोलवा आणि कोणती गोळी कधी घेतली ते न लाजता सांगा.