बहिष्कार वर्षभर कसा टिकवायचा: मॉन्टगोमरीचा धडा

एक दिवस बहिष्कार पाळणं जमतं. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं कसं, इथे आंदोलनं मोडतात. अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमरी शहरात कृष्णवर्णीय लोकांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस बसने प्रवास केला नाही. बसच्या प्रवाशांत बहुसंख्य तेच होते, म्हणून घाव बसला. आपल्या पैशांवर काय चालतं, ते आधी शोधा.

तयारी अन्यायाच्या आधीची हवी. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला दिली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना गुरुवारी, १ डिसेंबरला अटक झाली आणि सोमवारी बस रिकाम्या धावल्या. हे जमलं, कारण विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही स्त्रियांची संघटना १९४६ पासून काम करत होती. तिच्या अध्यक्षा जो ॲन रॉबिन्सन यांनी महापौरांना बहिष्काराचा इशारा मे १९५४ मध्येच पत्राने दिला होता. अटकेच्या रात्री त्यांनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर एका कागदावर तीन पत्रकं काढली. शुक्रवारी हजारो प्रती वाटल्या गेल्या. छपाईची सोय आणि वाटणाऱ्यांची वस्तीवार यादी तयार ठेवा. पत्रकात काय घडलं, काय करायचं आणि कधी, एवढंच लिहा. पहिलं आवाहन एका दिवसाचंच करा. पुढचं त्या संध्याकाळच्या सभेत लोकांनाच ठरवू द्या.

सुरुवातीच्या मागण्या तीनच होत्या: चालकांनी सौजन्याने वागावं, जो आधी येईल तो बसेल (कृष्णवर्णीय मागून आणि गोरे पुढून), आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. म्हणजे विभाजन, गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना बसमध्ये वेगळं बसवण्याचा नियम, मोडण्याची मागणी त्यांत नव्हतीच. शहराने एवढंही नाकारलं, तेव्हा वकील फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी विभाजनाविरुद्धच फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात दावा लावला. पार्क्स यांचा फौजदारी खटला त्यातून मुद्दाम वगळला, कारण तो राज्याच्या न्यायालयांत अडकून पडला असता. वाटाघाटी आणि दावा, दोन्ही वाटा स्वतंत्र ठेवा.

सगळ्यात जास्त डोकं प्रवासाला लावा. आधी कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, लोकांना नेत होते. शहराने किमान ४५ सेंट भाड्याचा नियम बजावला आणि ती सोय संपली. मग लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात १९५३ चा बस बहिष्कार चालवणाऱ्या टी. जे. जेमिसन यांचा सल्ला घेऊन खाजगी गाड्यांची व्यवस्था उभी राहिली: सुमारे ३०० गाड्या, नेमलेले थांबे, नेमलेल्या वेळा. वेळा ठरवताना पहाटे घरकामाला निघणाऱ्या बायकांपासून सुरुवात करा. वाहन चुकलं तर त्यांची नोकरी जाते. चालकांना वेगमर्यादा काटेकोर पाळायला सांगा, कारण पोलीस निमित्तच शोधत असतात: बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना २५ मैलांच्या मर्यादेत ३० मैल वेगाने गाडी चालवल्याबद्दल अटक झाली. चर्चच्या गाड्यांचा विमा रद्द होत गेला, तो अखेर लंडनच्या लॉइड्सकडून मिळवावा लागला. विम्याची दुसरी सोय आधीच बघून ठेवा.

पेट्रोलला पैसा लागतो. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी जेवण आणि केक विकून तो जमवत, आणि रक्कम सभेत जाहीर होई. गटाचं नाव होतं क्लब फ्रॉम नोव्हेअर, म्हणजे ‘कुठूनच न आलेला’ क्लब. पैसा कुठून आला, याला तेच उत्तर, त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या नोकऱ्या वाचत. रकमेचा हिशेब उघड ठेवा, देणाऱ्यांची नावं नकोत.

अफवेला त्याच रात्री उत्तर द्या. जानेवारी १९५६ मध्ये शहराने समझोता झाल्याची खोटी बातमी रविवारच्या वर्तमानपत्रासाठी दिली. शनिवारी रात्री सुगावा लागताच कार्यकर्ते दारूच्या गुत्त्यांतसुद्धा फिरले, सकाळी पाद्र्यांनी चर्चमध्ये सांगितलं, आणि सोमवारी बस पुन्हा रिकाम्याच धावल्या. सभा दर आठवड्याला नेमाने होत असल्या की अशी बातमी पोचवायला माणसं हाताशी असतात.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभाजन घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने गाड्यांच्या व्यवस्थेवर मनाई आणली. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश शहरात पोचेपर्यंत, २० डिसेंबरपर्यंत, लोक चालले किंवा शेजाऱ्यांच्या गाडीत बसले. त्या काळात चर्चमध्ये खुर्च्या बसच्या रांगांसारख्या मांडून सराव घेतला: कुणी चालक, कुणी शिवीगाळ करणारा प्रवासी, कुणी शांत बसणारा. पहिले काही दिवस, जो हात उगारणार नाही अशी खात्री आहे, अशा सोबत्याबरोबरच बसमध्ये चढा, अशी लेखी सूचनाही वाटली होती.