वाहिनी सोडून विधानसभेला उभं राहताना

लालबाग-परळ भागात मी अपक्ष उमेदवारांची निवडणूक कार्यालयं सांभाळत आले आहे. टीव्हीवर बातम्या देणारं कुणी मुंबईतून विधानसभा लढवणार असेल, तर माझं सांगणं असं.

आधी राजीनामा द्या, मग घोषणा करा. घोषणेनंतरही पडद्यावर दिसत राहिलात, तर तुमची प्रत्येक बातमी लोक प्रचार म्हणून पाहतील आणि ते बरोबरच असेल.

मग मतदार यादी हातात घ्या. तुमचं वय २५ पूर्ण हवं. नाव राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात असलं तरी चालतं. सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, मात्र त्याच मतदारसंघातले लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो, अपक्षाला दहा. आमच्याकडे खरी अडचण इथेच येते. चाळ पुनर्विकासाला गेलेली, माणूस भाड्याने विरारला, नाव कधी जुन्या पत्त्यावर तर कधी वगळलेलं. म्हणून ओळखीवर विसंबू नका, सही घेण्याआधी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः तपासा. चार अर्ज भरता येतात. प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना ५,०००. नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. पत्रकारांवर अब्रुनुकसानीचे फौजदारी खटले असतात, ते किरकोळ समजून गाळू नका. प्रलंबित गुन्हे लिहावे लागतातच, शिवाय वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीरही करावे लागतात.

खर्चासाठी अर्जाआधीच वेगळं बँक खातं उघडा. मर्यादा ४० लाखांची आहे. जुने सहकारी प्रेमाने मुलाखती लावतील, त्यांना आवरा. निवडणुकीत माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने ती पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन आणलेली बातमी, ठरवली तर रक्कम तुमच्या खर्चात धरली जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चेहरा ओळखीचा म्हणजे मत आपलं, असं धरून चालू नका. गुजरातीतले लोकप्रिय निवेदक इसुदान गढवी २०२२ मध्ये आम आदमी पक्षाचे मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार होते, तरी खंभाळियात पडले. चाळीत संध्याकाळी सातनंतर जा, माणसं कामावरून आलेली असतात. लोक सेल्फी मागतील, जरूर द्या, पण मग बसा. निवेदकाला समोरच्याचं वाक्य तोडून पुढच्या पाहुण्याकडे वळायची सवय असते. इथे ती पूर्ण सोडावी लागते. संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं अडकलेल्या आजी पाण्यापासून सुरू करून मुलाच्या नोकरीपर्यंत जातील, आणि मूळ तक्रार शेवटी, चहाचा कप उचलताना सांगतील. तोवर उठू नका. खोली क्रमांक, नाव, तक्रार वहीत स्वतःच्या हाताने लिहा. त्यातली किमान एक तरी, साधी दिव्याची किंवा गटाराची, वॉर्ड ऑफिसात नेऊन तिचं काय झालं ते त्याच घरी जाऊन सांगा. हे काम कार्यकर्त्यावर सोपवू नका.