पार्कसमोर फ्लॅट घेताय? या चुका टाळा

शिवाजी पार्कला फ्लॅट बघायला आलेली मंडळी लिफ्टने थेट २२व्या मजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट गाठतात. बाल्कनीतून मैदान आणि पलीकडचा समुद्र बघतात आणि तिथल्या तिथे टोकन देऊन मोकळी होतात. दादर मार्केटात कोथिंबिरीच्या जुडीला याहून जास्त वेळ लागतो.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे समोरचा देखावा फ्लॅटसोबत विकत मिळाला असं समजणं. माझ्या आतेभावाने पार्कच्या मागच्या गल्लीत ९व्या मजल्यावर घर घेतलं. मध्ये एक चारमजली जुनी इमारत होती, तिच्या गच्चीवरून नजर थेट मैदानावर जायची. "समोर काही येणार नाही सर, लिहून देतो," एजंट म्हणाला. मी म्हटलं, "मग द्या लिहून." त्याने हसून चहा मागवला. त्या इमारतीच्या सज्जांना लोखंडी टेकू लावले होते आणि फाटकावर बिल्डरचा फ्लेक्स झळकत होता, 'सर्व रहिवाशांचे हार्दिक आभार'. असा फ्लेक्स लागला की मुंबईत ती इमारत गेलीच म्हणून समजा. भावाला दाखवला, तर म्हणतो, "अरे, रिडेव्हलपमेंटला पंधरा-पंधरा वर्षं लागतात." इथे लागली नाहीत. आता त्याच्या हॉलमधून समोरच्या टॉवरचे पार्किंगचे मजले दिसतात आणि रात्री गाड्यांचे हेडलाइट भिंतीवर फिरतात. पार्क व्ह्यूचा जादा दर मोजला तो मोजलाच.

कायदाही मदतीला येत नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने २० वर्षांच्या वापरानंतर उजेड-हवेचा हक्क सांगता येतो, देखाव्याचा नाही. म्हणून फ्लॅट आणि पार्क यांच्यामध्ये फक्त रस्ता असेल तरच मी जादा दराला हो म्हणतो. मध्ये दुसरं काही असलं तर पालिकेकडून त्या प्लॉटचे डीपी रिमार्क (विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय, त्याचा दाखला) काढा आणि शेजारच्या वॉचमनशी दहा मिनिटं गप्पा मारा. वॉचमनला सगळं आधी कळतं.

दुसरी चूक, पाहणी फक्त पावसाळ्यात करणं. तेव्हा मैदान हिरवंगार असतं. जानेवारी ते मे तिथे लाल माती उडते आणि पार्कवाले तिच्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी करताहेत. संध्याकाळी क्रिकेटचे नेट्स भरात असताना जा, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर कुणाचं तरी घर बघायला मागा आणि स्लायडिंग खिडकीच्या खाचेतून पांढरा रुमाल फिरवा. रुमाल विटकरी झाला, तर छतापासून जमिनीपर्यंतची ती काच रोज पुसणार कोण, हे आधी ठरवा. सॅम्पल फ्लॅटमध्ये ही चाचणी करू नका, तिथे दिवसातून दोनदा फडकं फिरतं.

आवाजाचं म्हणाल तर उच्च न्यायालयाने २०१०मध्ये पार्क शांतता क्षेत्र ठरवलं, पण काही ठरावीक दिवसांना सूट मिळते. दसऱ्याचा मेळावा आणि संचलनं इथे होतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि आजूबाजूचे रस्ते बंद असतात. राहायला आल्यावर त्यावर कुरकुर करणाऱ्यांचा मला राग येतो. मैदान १९२५पासून लोकांचं आहे, तुम्ही काल आलात.

पश्चिमेकडे तोंड असलेली काच एप्रिलमध्ये दुपारी तापते आणि जुलैत तिच्या कडेने पाणी झिरपतं. सिलिकॉनचे सांधे बोटाने दाबून बघा.

दर रेरा कार्पेटवरच बोला, म्हणजे रेरा या घरखरेदीच्या कायद्याने मोजलेल्या, घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर. बाल्कनी त्यात धरत नाहीत, त्यामुळे डेक म्हणजे बाल्कनीसकट आकडा सांगितला तर डेक वेगळा काढायला लावा.

आणि टोकनची घाई. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, तरी लोक आपणहून चेक फाडतात. 'हा दर फक्त आज रात्रीपर्यंत' असं कुणी म्हणालं तर घरी जा, जेवा, झोपा. पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन येतो, बहुतेक वेळा त्याच दराने.