सिंगापूरच्या तीन वस्त्या, एका निळ्या लाइनवर

जळगाव-भुसावळकडून सिंगापूरला जाणाऱ्यांनी टूरच्या बसमागे धावू नये. लिटल इंडिया, बुगीस आणि चायनाटाउन ही तिन्ही स्टेशनं मेट्रोच्या निळ्या डाउनटाउन लाइनवरच आहेत. लिटल इंडियाहून बुगीस दुसरं स्टेशन, तिथून चायनाटाउन पाचवं. गाडी बदलायची गरज नाही.

तिकिटासाठी कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, पण माणशी एक. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना मोबाइल टेकवला, तर मशीन ते दोन वेगळे प्रवासी धरतं आणि भाडं चुकतं. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहा.

क्रम बदलू नका. देवळं दुपारी बंद असतात, म्हणून सेरंगून रोडवरचं वीरमाकालीअम्मन सकाळीच. जेवण टेक्का सेंटरमध्ये. 'व्हेज' म्हणजे मासेही नकोत, हे स्पष्ट सांगा. दुपारी बुगीसला उतरून सुलतान मशीद, अरब स्ट्रीट. शुक्रवार मात्र टाळा. गुडघे, खांदे झाकलेले हवेत. संध्याकाळी चायनाटाउन: पगोडा स्ट्रीटच्या टोकाला १८२७ सालचं मरिअम्मन देऊळ. या गल्लीला नाव पडलं ते त्याच्याच गोपुरावरून!

ऊन आपल्यापेक्षा कमी, पण दमट. घाम वाळतच नाही. छत्री घ्या. मेट्रोत पाण्याचा घोटही घेऊ नका, दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत. आणि तंबाखूची पुडी घरीच ठेवा. चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे.